शामूअण्णांचा विमानातला बुश

आमच्या गल्लीतले शामूअण्णा पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी खिडकी लावून घ्यायचे. "हेर कुठंबी असत्यात," म्हणायचे. मग टीव्हीवर तो एकच जुना इंग्रजी सिनेमा लावायचे. भाच्याने पेनड्राइव्हमध्ये भरून दिलेला, काळा-पांढरा. त्यात नवीन विमान चाचणीला उडतं आणि परतच येत नाही, कारण कारखान्यातलाच एकजण शत्रूला फितूर असतो.

इंग्रजी अण्णांना येत नाही. मला तर नाहीच, माझी शाळा चौथीपर्यंत. पण अण्णा प्रत्येकाचं बोलणं सांगायचे. "सायेब इचारतोय, इमान गेलं कुठं? म्हस हाय व्हय ती, चरत लांब जायाला?" तो फितूर टोपीवाला दिसला की ओरडायचे, "ह्योच त्यो! धरा की त्याला!"

अण्णांनी शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर पितळी बुश, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणाऱ्या कड्या, बनवले. हे विमानात जातात, कुठे बोलू नका, असं त्यांना वरच्या साहेबाने सांगितलेलं. त्यातला एक घरी होता. त्यांची बायको शांताकाकू खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा करायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या ह्यांचं काम आभाळात फिरतंय."

यंदा पूजेला मीही गेले. चार बायका होत्या, टीव्हीवर सिनेमा चालू होता. मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण बुश जवळून बघितला आणि तोंडातून निघूनच गेलं, "अगं बाई, हा तर आमच्या पिठाच्या गिरणीला बसतो. मागच्या महिन्यातच बदलला."

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "म्हंजी काकू, इमानात पीठ दळत्यात व्हय?"

काकूंनी कुंकवाचा करंडा बंद केला. अण्णा टीव्हीकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णा जोंधळे घेऊन गिरणीत आले. पट्टा थांबल्यावर म्हणाले, "मला लई वर्सं ठावं हुतं. सायबानं चेष्टा केलती. पर आमच्या हिच्या भावानं, लोखंड घासणाऱ्याला पोरगी द्यायची न्हाय, म्हटलंतं. तिनं हट्टानं लगीन केलं. माहेरात सांगाय तिला कायतरी पायजे हुतं की."

मी त्यांच्या डब्यात पीठ भरू लागले.

"ताई, माझीच बघण्यात चूक झाली, एवढं तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकंल ती. तुम्ही उगंच बोलत न्हाईसा."

मी हो म्हटलं. चारदा त्यांच्या दारात गेले. चारही वेळा काकू म्हणाल्या, "ये की गं आत," आणि मी "दळण हाय का?" एवढंच विचारून परत आले.