पलंगाखालची बैठक

नवारीच्या पलंगाला भोक पाडायचं ठरलं, तेव्हा सारजाबाईंनी एवढंच विचारलं, "नंतर बुजवता येईन ना?"

"आई, कापायचं नाहीये," तनुजा म्हणाली. "मधल्या पट्ट्या बाजूला ओढून बांधायच्या. पप्पांचं तोंड मावलं की झालं."

ज्यांचं तोंड मावायचं होतं ते आप्पासाहेब शेजारच्या खुर्चीवर, कपाळ टेबलाच्या कडेला टेकवून बसले होते. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची भोकाभोकाची वाटी चिकटवलेली. आदल्या दिवशी शहरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि करमाडच्या घरी आल्यापासून त्यांनी माणसाचं तोंड म्हणून पाहिलं नव्हतं. सगळं गाव त्यांच्यासाठी घोट्यापर्यंतच शिल्लक उरलं होतं.

भिंतीचा पोपडा सुटावा तसा त्यांच्या डोळ्यातला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला आणि दाब राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. आता पडदा चिकटेपर्यंत तोंड जमिनीकडे. जेवताना, झोपताना, मोरीपर्यंत जातानासुद्धा.

"जरा वेळ वर पाहिलं तर काय आभाळ कोसळन?" आप्पासाहेबांनी विचारलं होतं.

तनुजा शहरातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तोंडी सांगून कुणाला काही पटतं, यावर तिचा विश्वास नव्हता. तिनं पाण्याची बाटली आणली, थोडी रिकामी केली, बूच लावलं आणि फरशीवर बसून ती बापाच्या तोंडाखाली आडवी धरली.

"बुडबुडा कुठंय?"

"वर."

"उलटी केली. आता?"

"आताबी वरच."

"तो कायम वरच जाणार. पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. तुम्ही खाली पाहिलं की मागची बाजू वर येते आणि बुडबुडा पडद्याला दाबून धरतो. तुम्ही मान वर केली की तो पुढं पळणार, आणि पडदा पुन्हा मोकळा."

आप्पासाहेबांचा डावा डोळा लहानपणीच विटीनं गेल्यात जमा होता. हातभर अंतरावरचं तेवढं दाखवायचा. पेपर, मोटारसायकल, मोसंबीची बाग, हे सगळं उजव्याच्या भरवशावर होतं. त्यांनी मान वर न करण्याचं कबूल केलं. सबंध आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचं ऐकून कबूल केलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असावी.

पलंग तयार झाला. आप्पासाहेब पोटावर निजले, तोंड भोकातून खाली. तिथून त्यांना चौकोनी फरशीचा तुकडा दिसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची पावलं अंदाजानं कळायची. माणसं भेटायला यायची, केळी ठेवायची, त्यांच्या पाठीशी बोलायची आणि चहा पिऊन जायची. पाठीशी बोललेलं आप्पासाहेबांना फारसं लागत नव्हतं. अडचण निराळीच होती. समोरच्या दारातून बद्रीनाथ येणार, हे नक्की होतं.

बद्रीनाथ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दोघांची दारं समोरासमोर, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली, आणि बोलणं कित्येक वर्षांपासून बंद. बद्रीनाथच्या मुलाच्या, इंद्रजीतच्या लग्नात पहिला फेटा थोरल्या चुलत्याला बांधायचा सोडून नवरीच्या मामाला बांधला गेला होता. आप्पासाहेब न जेवता मांडवातून उठले. बद्रीनाथचं म्हणणं, थोरले चुलते तेव्हा आचाऱ्याला झापायला गेले होते, फोन उचलत नव्हते, आणि मामाची परतीची गाडी निघायच्या बेतात होती. शिवाय सख्खा भाऊ उपाशी गेला, ही बेइज्जती कुणाची? म्हणून दोघंही माफीची वाट पाहत होते. एकमेकांच्या. आप्पासाहेबांनी ओट्यावरची खुर्चीसुद्धा वळवून ठेवली होती, समोरचं दार दिसू नये म्हणून. सारजाबाई आणि जाऊबाई आशाबाई मात्र रोज मागच्या अंगणातून एकमेकींना कालवण द्यायच्या. ते भांडण पुरुषांचं होतं; त्यात बायकांनी पडू नये, असं दोघींचं मत होतं.

बोलणं बंद असलं तरी आजाऱ्याला भेटायला जायचं, हे गावात सगळेच पाळतात. बद्रीनाथ आले ते दुपारी. तनुजा नुकतीच बापाची मान एका कुशीवर वळवून डोळ्यात थेंब टाकून, मान पुन्हा खाली करून कॉलेजला गेली होती. फरशीवर दोन पावलं येऊन उभी राहिली. उजव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं. ते नख लहानपणी आप्पासाहेबांच्याच हातून सुटलेल्या पाट्यानं फुटलं होतं. ओळख पटायला दुसरं काही लागलं नाही.

"या भावजी," सारजाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायच्या निमित्तानं तडक आत गेल्या.

बराच वेळ पावलं नुसती उभी. आप्पासाहेबांनी श्वाससुद्धा बेतानं घेतला. जो आधी बोलेल तो हरला, हे दोघांना ठाऊक होतं.

"झोपला का?" बद्रीनाथनी शेवटी भिंतीला विचारलं. भिंतीला विचारलेलं बोलण्यात धरत नाहीत.

आप्पासाहेबांनी उत्तर भिंतीवरच सोडलं.

मग गुडघे टेकले. मग तळवा आला. बद्रीनाथ तसे अंगानं दुहेरी, पण संशयी फार. भाऊ खरंच झोपलाय की सोंग घेतोय, याची खात्री केल्याशिवाय परत जाणं त्यांना जमलं नसतं. कण्हत, घासत ते फरशीवर पाठीवर निजले आणि सरपटत पलंगाखाली गेले. भोकाखाली त्यांचं तोंड आलं, झुपकेदार मिशा, वाढलेली भुवई, आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे पांढरे केस. हा कधी म्हातारा झाला, असं आप्पासाहेबांच्या मनात आलं. हातभर अंतर होतं. डाव्या डोळ्याला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"जागाच हाये की," बद्रीनाथ पुटपुटले.

आणि तेवढ्यात आप्पासाहेबांच्या वाटीच्या कडेवरून एक थेंब नाकाच्या शेंड्याशी आला, लोंबकळला आणि खाली पडला. पाठोपाठ दुसरा. मग तिसरा.

बद्रीनाथ खालून बघतच राहिले. त्यांची हनुवटी हलली. डोळे गच्च मिटले, उघडले तर पाण्यानं भरलेले. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, सरपटत बाहेर आले आणि चहा न पिता अंगणात जाऊन म्हणाले, "वहिनी, दादा रडला."

आवाज गल्लीला पुरेसा होता.

"औषध हाये ते," आप्पासाहेब ओरडले. पण भोकातून ओरडलेलं फरशीवर आपटून तिथंच राहतं. ते उठायला गेले, मान निम्मी वर केली, आणि डोळ्यांसमोर बाटली आली. पळणारा बुडबुडा आला. त्यांनी मान परत भोकात घातली. बाहेर आशाबाई कुणाला तरी सांगत होत्या, "लई रडले म्हणं. अगदी धार लागली व्हती."

संध्याकाळी चंपाबाई आल्या. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या शेळ्या मोसंबीत शिरल्या म्हणून आप्पासाहेबांनी त्या दिवसभर कोंडून ठेवल्या होत्या. चंपाबाईंनी पदर खोचला, फरशीवर आडव्या झाल्या आणि पलंगाखाली आल्या.

"आप्पा, भावासाठी रडले म्हणं तुम्ही."

"मी रडलो नाय, चंपाबाई. डोळ्यात औषध व्हतं."

"ऱ्हाऊ द्या. माणूस मोठं झालं की कबूल करायला जड जातं. माझ्या शेळ्यायचं बी मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी एकीनं दूध दिलं नाय, तेवढंच."

"मी मनाला लावून घेतलंच नव्हतं."

"तेच म्हणते, नका घेऊ. बांधावरचं गवत तेवढं खाऊ देत जा."

आप्पासाहेबांना ताडकन उठून दार दाखवायचं होतं. पण दार दाखवायला मान वर करावी लागते. "खाऊ द्या," ते फरशीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबराव आले. ग्रामपंचायतीला आप्पासाहेबांच्या विरोधात उभे राहून पडलेले. तेही खाली शिरले आणि म्हणाले, "आप्पासाहेब, तुमी माझ्या प्रचारात विघ्नं आणली, मी सगळं माफ केलं."

"मी माफी मागितली कधी?"

"हाच तर तुमचा मोठेपणा हाये. न मागता बी माणसाला कळतं."

भेटायला येणाऱ्यांची पाठ फरशीनं गार पडते म्हणून सारजाबाईंनी पलंगाखाली चटई टाकली आणि उशी ठेवली. चहा पलंगाखाली प्यायला जमेना, म्हणून तनुजानं स्ट्रॉ आणल्या. आपल्या बापाला एवढे लोक माफ करायला येतील, म्हणजे मुळात एवढ्यांशी भांडणं होती, याचं तिला नवल वाटलं. तसं तिनं बोलूनही दाखवलं.

बद्रीनाथ दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आले. आप्पासाहेबांनी ठरवलंच होतं, हा खाली आला की पहिलं वाक्य, 'ते औषध होतं.' पण बद्रीनाथनी उशी मानेखाली नीट केली आणि म्हणाले, "तुझ्या मोसंबीला डिंक्या लागायलाय. खालच्या अंगाच्या ओळीला. खोडातून डिंक गळायलाय."

"कधीपासून?"

"तू दवाखान्यात गेला तवापासून. मी खोडांना बोर्डोपेस्ट लावून घेतली."

डिंक्या मधेच सोडून फेट्याचा विषय कसा काढणार? त्याच्या दुसऱ्या दिवशी इंद्रजीतच्या शेंद्र्याच्या कंपनीतली हकिगत निघाली. मग बैल विकत घ्यायला दोघं पायी गेले होते आणि शहरातल्या शहागंजात हरवले होते, ती. खालून बद्रीनाथ हसले की त्यांचं पोट पलंगाला लागायचं आणि वर आप्पासाहेब हलायचे. "हळू," ते म्हणायचे, "पडदा पडन." औषधाचं सांगायचं उद्यावर जात राहिलं. दुपार झाली की आप्पासाहेबांचे कान गल्लीकडे लागू लागले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर तोंड दाखवावं लागलं असतं.

तपासणीला इंद्रजीतनं गाडी काढली. आप्पासाहेब मागच्या सीटवर गुडघ्यांवर उशी घेऊन, तोंड त्यात घालून शहरापर्यंत गेले. डॉक्टरांनी यंत्रातून डोळ्यात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"छान चिकटलाय पडदा. काका, आता मान वर करा."

आप्पासाहेबांनी मान वर केली. आधी डॉक्टरांची बटणं, मग गळा, मग हनुवटी, मग चक्क आख्खा माणूस. त्यांना हसू आवरेना. "झोपताना मात्र पाठीवर नाही," डॉक्टर म्हणाले, "बुडबुडा अजून थोडा शिल्लक आहे. पोटावर नाहीतर कुशीवर."

येताना शेंद्र्याच्या कंपन्यांचे बोर्ड त्यांनी मोठ्यानं वाचले. अर्धे धूसर होते, ते अंदाजानं वाचले.

दुपारी बद्रीनाथ आले. आता पलंगाची गरज नव्हती, म्हणून दोघं ओट्यावर समोरासमोर खुर्च्यांवर बसले. गावातली माणसं जाता-येता थबकून पाहत होती.

"बरं हाये मंग," बद्रीनाथ म्हणाले.

"बरं हाये."

मग काहीच सुचेना. आप्पासाहेबांनी खांबाकडे पाहिलं, बद्रीनाथनी चपलेकडे. सरळ बसून, तोंडासमोर तोंड ठेवून काय बोलतात, हे दोघंही विसरून गेले होते. गप्प बसण्याची जुनी सवय हळूहळू परत येऊ लागली. आप्पासाहेबांना ते जाणवलं. हा असाच उठून समोर गेला, तर दार परत लागेल.

"मला जरा पडावं लागन," ते घाईनं म्हणाले. "डॉक्टरनी सांगितलंय."

"मंग पड की."

आप्पासाहेब आत जाऊन पलंगावर पालथे झाले. थोड्या वेळानं चटई सरकल्याचा आवाज आला. भोकाखाली मिशा आल्या.

"आताबी मीच खाली व्हय?"

"मला पाठीवर झोपायची बंदी हाये," आप्पासाहेब म्हणाले. त्यांना एकदम मोकळं वाटलं. आणि मोकळं वाटलं तसं तेही बाहेर पडलं. "बद्री, एक सांगतो. उठून जाऊ नको. त्या दिवशी मी रडलो नव्हतो. तनूनं औषध टाकलं व्हतं. ते गळालं."

बद्रीनाथ छत पाहावं तसे भावाचं तोंड पाहत राहिले.

"माहितीये," ते म्हणाले. "एक थेंब तोंडात गेला व्हता. कडूजहर. आसवं खारट असतात."

"आन् तरी गावभर सांगितलं?"

"सांगितलं."

"कामून?"

"तू सांगणार नव्हता म्हणून."

मग आप्पासाहेबांच्या एक लक्षात आलं. "पण तू तर खरंच रडला. मी पाहिलं. डोळे भरले व्हते तुझे."

"बाकीचे दोन थेंब कुठं गेले मंग? डोळ्यात. लई झोंबलं. औषध हाये का मिरची, म्हणलं."

पलंग हलू लागला. आधी खालून, मग वरून. सारजाबाई आणि आशाबाई मागच्या अंगणातून पळत आल्या, दारात थांबल्या आणि दोघं मारामारी करत नाहीत असं पाहून परत गेल्या.

"म्हणजे माफी कुणीच मागितली नाय," आप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले.

"नाय."

"मागायला तर पाहिजे."

"पाहिजेच. पण आधी कुणी?"

हा प्रश्न साधा नव्हता. त्यात फेटा होता, आचारी होता, मामाची गाडी होती. तेवढ्यात चहाची वेळ झाली, म्हणून निकाल उद्यावर ठेवला. बुडबुडा पुढं आपोआप विरून गेला. डॉक्टरांनी पाठीवर झोपायलाही परवानगी दिली. ती आप्पासाहेबांनी घरी सांगितली नाही. रोज दुपारी बैठक बसते. आधी कुणी, ते अजून ठरलेलं नाही.