नकारांची बेरीज

होकार कोणीही देतो. नकार मात्र मोजून घ्यावा लागतो. विवाह नोंदणी कार्यालयातले साहेब तो मोजून घेत. दोन नकारांचा एक होकार, हा त्यांचा नियम. (‘आई इथेच राहिली तर?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा पत्नी ‘नको, नको’ म्हणाली. सासूबाई अजून तिथेच आहेत.) या नियमामुळे त्या कार्यालयात एकही चुकीचं लग्न लागलं नव्हतं. बरोबर लग्नंही फारशी लागली नव्हती, पण त्यांची आकडेवारी ठेवायची पद्धत नव्हती.

अशा साहेबांपुढे एक दिवस पन्नाशीचे घड्याळजी उभे राहिले. सोबत त्यांच्या थोरल्या ताई आणि समोरच्या दुकानातली परदेशी शिंपीण, म्हणजे नवरी. तिच्या मायबोलीत एकट्या नकाराला कोणी विचारत नसे. वाक्यातल्या शब्दाशब्दाला नकार जोडावा, तेव्हा कुठे साधं ‘नाही’ तयार होई.

“या लग्नाला तुमची हरकत नाही ना?” साहेबांनी विचारलं.

“नाही कोणाची, नाही कसली, नाही कधी, हरकत नाही,” ती मनापासून म्हणाली.

साहेबांनी बोटं मोजली. चार नकार, म्हणजे दोन होकार. हरकत आहे, तीही दुप्पट.

घड्याळजी घाबरून “हो, हो, नाहीच” म्हणाले. त्यात होकार जास्त भरले, सबब वराचीही हरकत निघाली. पुढची तारीख मिळाली.

मधल्या काळात ताईंनी तिला एकदाच ‘नाही’ म्हणायला शिकवलं. पण तेवढंच म्हणणं तिला पुरत नसे. हरकत आहे, पण जाऊ दे, असं काहीतरी आपण बोलतोय असं तिला वाटे. अर्ध्या मनाने लग्न करायला ती आली नव्हती.

ठरल्या तारखेला साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. घड्याळजी या वेळी एकदाच ‘नाही’ म्हणाले. तिने टेबलावर हात ठेवला.

“हे ऑफिस नको. हे साहेब नको. मला हा माणूस हवा.”

घड्याळजींचे कान लाल झाले. आयुष्यात त्यांना इतकं सरळ कोणी मागितलं नव्हतं. ताई खिडकीकडे वळून डोळे पुसू लागल्या. साहेबांनी शांतपणे दोन ‘नको’ मोजले, त्यांचा होकार हरकतीऐवजी ‘हवा’च्या खात्यात धरला आणि शिक्का मारला.

साहेबांना हसायला हरकत नाही. फक्त तुमच्या घरी शेवटचं लग्न ठरलं, तेव्हा ‘तुझी काही हरकत नाही ना?’ असं मुलीला विचारलं होतंत. ती ‘हो’ म्हणाली की ‘नाही’, आठवतंय?