टिपणीसकाकांचा घोडा

टिपणीसकाका घोडा घेणार आहेत, हे मला लिफ्टमध्ये कळलं.

काका फोनवर बोलतात ते पलीकडच्या माणसाला फोनशिवायही ऐकू जावं अशा आवाजात. त्या दिवशी ठाण्याच्या धाकट्या भावाशी बोलणं चाललं होतं. "अरे, एक घोडा घट्ट आहे, बोट दुखून येतं. दुसरा मऊ आहे, पण त्याच्यावर मन बसत नाही. आणि बजेटात एकच बसतो ना! बघू. सकृद्दर्शनी दोन्ही चांगले आहेत." अकरावा मजला आला. काका मला मान लववून आपल्या दारात शिरले आणि मी माझ्या दाराशी किल्ली हातात धरून उभी राहिले.

सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या आमच्या इमारतीत मांजर पाळायचं म्हटलं तरी परवाना काढावा लागतो. तिथे घोडा? मी नवऱ्याला सांगितलं, तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "रेसचा असेल. रिटायर झाल्यावर माणसं काहीही करतात." दोन दिवस मी काकांकडे जरा वचकून बघत होते. तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"काका, घोडा ठेवणार कुठे?"

"क्लबात. कुलपात."

"कुलपात? आणि त्याच्या खाण्यापिण्याचं?"

काकांनी चष्मा नाकावर खाली ओढून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. हिशेबात न जुळणाऱ्या आकड्याकडे ते असंच बघत असणार. मग म्हणाले, "वैशाली, तू पुण्याची ना? पिस्तुलाच्या चापाला मराठीत घोडा म्हणतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं नाही का?"

तर आमचे काका पिस्तूल घेणार होते. माझ्या मते घोडा बरा होता.

भीती वाटण्याजोगं काही नाही, हे आधी सांगून टाकते. सिंगापूरमध्ये पिस्तूल म्हणजे काही भाजी नव्हे. नेमबाजीच्या क्लबाचं सभासद व्हायचं, परीक्षा द्यायची, परवाने काढायचे, आणि एवढं करून स्वतःचं पिस्तूल घेतलंच तरी ते घरी आणायचं नाही. ते क्लबाच्या शस्त्रागारात कुलपात राहणार, आपण शनिवारी जाऊन त्याला भेटून यायचं. कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल चालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर पुन्हा तिकडे वळला होता. घ्यायचं होतं ते मोठ्या मापाचं, पूर्ण लांबीचं पिस्तूल. त्यातही दोन पसंत होती, आणि ठरवलेल्या रकमेत एकच बसत होतं.

हा तिढा दुसऱ्या कुणी आठवड्याभरात सोडवला असता. काकांचा चौदावा महिना चालू होता.

कारण काका ऑडिटर. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आणि कुठल्याही गोष्टीवर ठाम मत द्यायचं नाही ही सवय हाडीमाशी खिळवून घेतली. 'सकृद्दर्शनी' हा त्यांचा शब्द. माझ्या हातची पुरणपोळी सकृद्दर्शनी उत्तम असते. बाहेर धो धो पाऊस पडत असताना हवा सकृद्दर्शनी पावसाळी असते. कुसुमकाकू होत्या तेव्हा सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा म्हणाले, मुलगी सकृद्दर्शनी पसंत आहे. तेहतीस वर्षं झाली गं वैशाली, अंतिम अहवाल अजून आलेला नाही." काका ओशाळं हसायचे आणि काकूंच्या पानात न विचारता लिंबाची फोड वाढायचे. काकूंना जाऊन आता तीन वर्षं झाली.

खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या बाजारात, मुळ्याचा एक प्रकार मिळतो, त्याला सगळे कॅरट केक म्हणतात. तो गोड सॉस घातलेला काळा किंवा साधा पांढरा असा असतो. काका गाड्यासमोर उभे राहून रांग अडवायचे. शेवटी तिथली चिनी आंटी वैतागली आणि त्यांना अर्धा काळा, अर्धा पांढरा द्यायला लागली. आता ते लांबून दिसले की ती स्वतःच ओरडते, "अंकल, हाफ-हाफ!" पिस्तूल तसं मिळत नाही, हीच खरी अडचण होती.

एकदा मी वाटीभर साखर मागायला गेले. दार उघडंच होतं. बैठकीत काका हात सरळ ताणून पंख्यावर तूरडाळीच्या पिशवीचा नेम धरून उभे होते. मी किंचाळले.

"घाबरू नकोस," ते नेम न हलवता म्हणाले, "हा पोलादराव आहे."

मग सगळा उलगडा झाला. दोन पिस्तुलांपैकी एक सगळं पोलादाचं होतं, किलोहून थोडं जास्त, म्हणून त्याच्या सरावाला डाळीची भरलेली पिशवी. दुसरं फायबरच्या अंगाचं, बरंच हलकं. त्या फायबररावांसाठी पोह्यांचं पाकीट होतं. रोज सकाळी दोन मिनिटं डाळ आणि दोन मिनिटं पोहे. "पोलादराव हातात बसतो तो खानदानी माणसासारखा," काका म्हणाले. "झटका देत नाही, आवाज करतो तोही अदबीने. फायबरराव आपला कामाला चांगला. पण त्याला हातात घेऊन छातीत काही होत नाही."

"मग पोलादराव घ्या आणि मोकळे व्हा."

"असं कसं? अजून मृणालचं मत कुठे पूर्ण झालंय?"

मृणाल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिशी ओलांडलेली, फिजिओथेरपिस्ट, बुकित बातोकला एकटी राहते. वाढली सगळी इथेच, त्यामुळे काका मराठीत विचारतात आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. काकू होत्या तोवर त्या दोघांमधला पूल होता. काकूंनंतर फोनवर "जेवलीस?" "एट ऑलरेडी, बाबा" एवढंच उरलं. भांडण नव्हतं. भांडायला लागतं तेवढंही बोलणं नव्हतं.

पिस्तुलामुळे त्यात बदल झाला. क्लब बेटाच्या पश्चिम टोकाला, मृणालला जवळ आणि काकांना दीड तास लांब. एका शनिवारी ती नुसती बघायला आली, मग शिकली, मग सभासद झाली. क्लबाकडे दोन्ही जातींची पिस्तुलं भाड्याने मिळतात. बापलेक दर शनिवारी दोन्ही चालवून बघायचे आणि नंतर कॅन्टीनमध्ये बसून त्यावर तासभर चर्चा करायचे. चौदा महिने! मला उगाच वाटायचं की काकांना ठरवता येत नाही. ठरवलं की शनिवार संपेल, या धास्तीने ते ठरवत नव्हते. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःच्या थट्टेची लाज वाटली.

पण आता ठरवायला हवं होतं. क्लबातर्फे ऑर्डर वर्षातून एकदाच जायची, ती महिन्याअखेरीस. सकाळी डाळीची पिशवी थरथरायला लागली होती, हे काकांनी मला दोनदा सांगितलं. पुढच्या वर्षी हात असाच राहील याची त्यांना खात्री नव्हती.

"तू ये या शनिवारी," ते म्हणाले. "त्रयस्थ माणसाचं मत असावं."

मी गेले. पाहुण्यांना काचेमागे बसायचं असतं, कानांवर मोठे मफ लावून. काका पोलादराव घेऊन उभे राहिले आणि माझा विश्वास बसेना. लिफ्टचं बटण दाबतानाही विचार करणारा हा माणूस एकदम स्तब्ध झाला, आणि कागदावर मधोमध पाच भोकं पडली. त्या पिस्तुलावर त्यांचा जीव होता, ते मलाही काचेतून दिसलं.

मग मृणाल. उजव्या हातात पोलादराव, तिच्या गोळ्या गेल्या कागदाच्या कडेला. फायबरराव घेतला, तरी तेच. प्रत्येक वेळी काकांच्या ओठांवर "खांदा सैल सोड" आणि तिच्या ओठांवर "ओके, बाबा" दिसायचं, आणि ती पुन्हा कडेलाच मारायची.

गोळ्या संपत आल्या म्हणून काका काउंटरकडे गेले. मृणालने एकदा दाराकडे बघितलं, पिस्तूल खाली ठेवलं आणि डाव्या हाताने उचललं. ते नुसतं हात बदलणं नव्हतं. तिची मान, खांदे, उभं राहणं, सगळीच बाई बदलली. उरलेल्या तीन गोळ्या तिने मारल्या, त्या एकाच भोकात गेल्या असाव्यात असं मला वाटलं. मग तिने घाईघाईने कागद गुंडाळला आणि पिस्तूल पुन्हा उजवीकडे ठेवलं.

मी वळून बघितलं. गोळ्यांची पेटी छातीशी धरून काका माझ्याच मागे, काचेपाशी उभे होते.

कॅन्टीनमध्ये त्यांनी फक्त हवेचा विषय काढला. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसले, दहा-बारा थांबे गेले, आणि मग पुढच्या सीटकडे बघत म्हणाले, "रुमाल बांधायचो मी."

"कसला रुमाल?"

"तिच्या डाव्या हाताला. चार वर्षांची होती. जेवताना डावा हात पुढे यायचा, लिहितानाही तोच. मी म्हणायचो, हात पुढे कर. ती करायची. मी रुमालाने तो खुर्चीला बांधायचो. कुसुम मला म्हणायची, अहो, सोडा तिला. मी म्हणायचो, शिस्त आहे. डाव्या हाताने जेवतं का कुणी आपल्यात?" ते थांबले. "तीन-चार महिने. मग तिनेच डावा हात मांडीखाली दाबून बसायला सुरुवात केली. मला वाटलं, जिंकलो."

मी त्यांच्या हातातली गोळ्यांची पावती घेतली आणि नीट घडी करून परत दिली. मला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही त्याच माणसाबद्दल.

"एकतीस वर्षांची आहे, वैशाली. अजून दाराकडे बघते."

सोमवारी काकांचा मला ऑफिसात फोन आला, भर मीटिंगमध्ये. "पोलादरावाचा सेफ्टीचा खटका फक्त डाव्या अंगाला आहे," त्यांनी सुरुवातच तिथून केली. "म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी. डाव्या हाताने धरलं तर अंगठा तिथे पोचतच नाही. चौदा महिने मी वजन बघतोय, झटका बघतोय, हे एकदाही तपासलं नाही. कसला ऑडिटर मी?"

"आणि फायबरराव?"

"दोन्ही अंगांना आहे. गोळ्यांची मॅगझिन काढायचं बटणही दुसऱ्या बाजूला बसवून घेता येतं." पलीकडे पेनाला टोपण लावल्याचा आवाज आला. "फॉर्म भरून टाकला."

मी टेबलाखाली डोकं घालून विचारलं, "पण काका, तुमचा पोलादराव?"

"तो भाड्याने मिळतोच की," ते म्हणाले, आणि आवाज इतका नीट होता की मला रडू आलं. समोरच्या मॅनेजरला मी सर्दी झाल्याचं सांगितलं.

परवाने, तपासण्या, आयात यांत तीन महिने गेले. ज्या शनिवारी पिस्तूल ताब्यात मिळणार होतं त्या दिवशी काकांनी मला पुन्हा नेलं. एकट्याला धीर होत नव्हता. मृणाल आली, पिस्तुलाचा डबा उघडला, बघितलं आणि चमकली.

"व्हाय धिस वन? यू लव्ह द अदर वन, बाबा."

काकांनी डबा तिच्या डाव्या बाजूला सरकवला. "हा खटका दोन्हीकडे आहे," ते म्हणाले. "तुझ्या हाताला पोचेल. तुझ्या खऱ्या हाताला."

मृणाल हलली नाही. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "त्या दिवशी मी बघितलं, बाळा. माझं चुकलं. तेव्हाच चुकलं होतं."

ती डबा घेऊन आत गेली. पहिल्या दोन गोळ्या भलतीकडेच गेल्या, कारण बाप बघत असताना त्या हाताने काही करण्याची तिला सवय नव्हती. काकांनी खांद्याबद्दल काही सुचवलं नाही. पाचवी गोळी मधोमध लागली आणि नंतर सगळ्याच लागत गेल्या.

कॅन्टीनमध्ये कॉफी आली. काका म्हणाले, "बघू तो हात." तिने टेबलावर डावा हात ठेवला. अंगठा आणि बोट यांच्यामधली कातडी झटक्याने लाल झाली होती. काकांनी तो हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि त्या लाल जागेवर हलकेच अंगठा फिरवला.

"दुखतो का गं?"

मी त्या मुलीला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बापाला मराठीत उत्तर देताना ऐकलं. "तेव्हा दुखायचा, बाबा. आता नाही."

काकांनी मान हलवली. त्यांनी डाव्या हाताने कॉफीचा कप उचलला. त्या हाताला कशाचीच सवय नव्हती, अर्धी कॉफी शर्टावर सांडली. मी टिश्यू पुढे केला, पण तो घ्यायला त्यांनी उजवा हात सोडवला नाही.