एकादशीची रूट बीअर

डॉ. शशिधर केळसकरांनी आयुष्यातली पहिली एकादशी धरली ती बर्मिंगहॅममध्ये, निवृत्तीनंतर, आणि भक्तीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

कारण गॅरेजमध्ये होतं. मँचेस्टरचा पुतण्या अनुप अमेरिकेहून येताना काकांसाठी चार कंपन्यांची रूट बीअर घेऊन आला होता, तीन कॅन आणि एक काचेची बाटली. नावात बीअर असली तरी हा नुसता गोड, काळपट सोडा. तरुणपणी वर्षभर अमेरिकेत काढलेल्या डॉक्टरांना त्याचं भारी वेड. ‘चारही पिऊन बेस्ट कुठली ते सांगा,’ असं अनुप बजावून गेला होता. पण डॉक्टरांचं पोट सुटल्यापासून प्रमोदिनीबाईंनी त्यांच्या गोड पेयांवर बंदी घातली होती. बाई हॉस्पिटलात फार्मासिस्ट होत्या. त्यांनी नाही म्हटलं की तिथले कन्सल्टंटही मुकाट्यानं प्रिस्क्रिप्शन बदलायचे.

मात्र उपवासाला चालणारी वस्तू उपवास करणाऱ्याला नाकारायची नाही, हा आईचा दंडक त्या अजून पाळत. डॉक्टरांनी नेमकं तेच हेरलं.

“बटाटा चालतो, रताळं चालतं, म्हणजे कंदमुळं चालतात,” ते म्हणाले. “आणि ही मुळांपासून करतात. लॉजिकली चालायलाच हवी.”

“तुम्ही उपवास करणार?”

“करणार. बघच तू.”

एकादशीला डॉक्टरांनी आंघोळ करून देवाला हात जोडले, टोस्टकडे पाठ फिरवली आणि टेबलावर चारही कंपन्या ओळीनं मांडल्या. प्रमोदिनीबाईंनी चष्मा लावून लेबलं वाचायला घेतली. तपकिरी कॅनमध्ये कॉर्न सिरप निघालं. मका म्हणजे धान्य, बाद. नारिंगी कॅनचीही तीच गत. चंदेरी कॅनमध्ये साखर उसाची होती, पण सोबत यीस्ट. आंबवलेलं एकादशीला चालत नाही, म्हणून तोही गेला. डॉक्टरांनी प्रत्येक कॅनसाठी जीव तोडून वकिली केली, पण बाई ढिम्म हलल्या नाहीत.

उरली बाटली. पाणी, उसाची साखर, नैसर्गिक स्वाद.

“यात मूळ कुठे लिहिलंय?”

“स्वादात असतं ते,” म्हणत डॉक्टरांनी झाकण उडवलं आणि बायकोच्या डोळ्यांत डोळे घालून बाटली तोंडाला लावली. चव भयंकर होती. गुडघ्याला चोळायचा बाम साखरेत कालवल्यासारखी. पण तसं कबूल करणं म्हणजे हार. “अप्रतिम,” असं म्हणून त्यांनी बाटली शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.

बाईंनी रिकामी बाटली उचलून बाजूला ठेवली. अमेरिका जागी झाल्यावर, दुपारी, त्यांनी बाटलीवरचा नंबर फिरवला आणि नेमकं कुठलं मूळ वापरता, अशी चौकशी केली. पलीकडच्या मुलीनं आत विचारून सांगितलं की मूळ आता कुठलंच नाही, एका झुडपाच्या पानांचा अर्क असतो. बाईंनी आभार मानून फोन ठेवला.

“पाला प्यायलात. पालेभाजी एकादशीला चालत नाही. उपवास मोडला.”

“मोडला तर मोडला. वरणभात टाक,” भुकेनं कासावीस झालेले डॉक्टर आनंदानं म्हणाले.

“मोडलेला उपवास दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून करायचा असतो. का, झेपणार नाही?”

हे शेवटचं वर्मी लागलं. तासन्‌तास उभं राहून मोडकी हाडं जोडलेला माणूस हे ऐकून घेणार होता थोडाच. “उद्याच काय, परवाही करीन.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर उकडलेलं रताळं पुढ्यात घेऊन बसले. समोर प्रमोदिनीबाईंनी तीन स्टीलची भांडी मांडली, तिन्ही कॅन फोडले आणि एकेक भांडं सावकाश चाखायला सुरुवात केली.

“साखर आहे त्यात,” डॉक्टर म्हणाले.

“माझी शुगर नॉर्मल आहे. आणि आज माझा उपवास नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरांचा हात पुढे झाला, पण बाईंनी तो आधीच उचलला होता.

“हो रे अनुप, झाली टेस्ट. चंदेरी फर्स्ट, मस्त झणका आहे त्याला. बाकीचे दोन नुसतेच गोड. काकांना नको विचारूस, त्यांचा उपवास आहे. पुढच्या वेळी चंदेरीच आण, जरा जास्त आण. काका आता दर एकादशी धरणार आहेत.”

डॉक्टरांनी रताळ्याचं साल सोलत मान ताठ ठेवली आणि ते फोनमधून मँचेस्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हो, धरणार.”