खडकदरीच्या सर्व्हरचा दहावा

खडकदरीचा सर्व्हर सोमवारी दुपारी वारला, आणि मंगळवारपासून जिल्ह्यातल्या बाकी सगळ्या सर्व्हरांनी सुतक धरलं.

पाणीपुरवठा कार्यालयात हे सगळ्यात आधी कळलं ते हर्षदा तेलंगला, कारण सर्व्हरांशी बोलणं हेच तिचं काम. प्रत्येक गावच्या टाकीपाशी एक सर्व्हर होता. तिने लिहिलेली स्क्रिप्ट रोज सकाळी एकेकाच्या दारी जाई, तो सांगेल ते घेई आणि सगळ्यांचं मिळून एक पान साहेबांच्या टेबलावर आणून ठेवी. मंगळवारी ती रिकाम्या हाताने परतली. बहुतेकांनी एकच उत्तर दिलं होतं: ‘सुतक आहे. दहावा होईपर्यंत देवाणघेवाण नाही.’

हर्षदा तडक साहेबांकडे गेली. तिचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं, आणि ते वाढवायचं की नाही हे त्या रोजच्या पानावरच ठरणार होतं.

कार्यकारी अभियंता डोईफोडे साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“सगळ्यांनीच कसं धरलं? नात्यातले आहेत का?”

“एकाच निविदेतले आहेत, सर.”

“म्हणजे भावकीच.” साहेबांनी मान डोलावली. “पण शिरसगावचा तर मागाहून घेतलाय ना?”

“त्याने तीनच दिवसांचं धरलंय.”

“बरोबर आहे त्याचं.”

आस्थापना शाखेच्या सावरगावकरबाईंनी नियम चाळले. यंत्रांना सुतकाची रजा नव्हती. पण तशी ती माणसांनाही नव्हती आणि माणसं घेतच होती, म्हणून बाईंनी ती किरकोळ रजेत बसवून दिली. तेवढे दिवस बहुतेक टाक्यांमध्ये किती पाणी आहे हे कुणालाच कळलं नाही. काही गावांत नळाला पाणी आलं, काहींत आलं नाही. म्हणजे फारसं काही बिघडलं नाही.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. नारायण गुरुजींनी पिंड मांडले. भावकीला दिसावं म्हणून हर्षदा मोबाइल हातात धरून उभी राहिली. समोरच्या बाभळीवर कावळे भरपूर होते, पण एकही खाली येईना.

“इच्छा राहिलीय कसली तरी,” गुरुजी म्हणाले. “बोला कुणीतरी.”

साहेब पुढे झाले. “तुझ्या जागी नवीन सर्व्हर घेऊ. मोठा घेऊ.” कावळ्यांनी तोंड फिरवलं.

सावरगावकरबाईंनी हात जोडले. “तुझी नोंद भंगारात करणार नाही रे बाबा. सेवानिवृत्त म्हणून करू.” एक कावळा उठला आणि वरच्या फांदीवर जाऊन बसला.

ऊन चढलं तसे साहेब कंटाळले. “गुरुजी, दर्भाचा कावळा करा, शिवा आणि मोकळे व्हा.”

हर्षदाच्या मोबाइलवर सगळ्या सर्व्हरांचं एकदमच उत्तर आलं: ‘दर्भाचा चालणार नाही.’

हर्षदाला इच्छा माहीत होती. तिची स्क्रिप्ट प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठेवून घेई आणि पुढचं टाकून देई, कारण साहेबांना एकच पान लागे. खडकदरीचा रोज म्हणे, ‘पाणी पुरेसं आहे.’ त्यापुढे तो काय म्हणे तेही तिने मागे एकदा पाहिलं होतं: ‘पंखा बंद पडलाय. फार उकडतं. कुणीतरी या.’ पाहून ती पुढच्या कामाला लागली होती. आता तिला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि रडू फुटलं.

“चुकलं माझं,” ती पिंडाकडे बघून म्हणाली. “यापुढे तुझे भाऊ जे जे बोलतील ते सगळं मी वाचीन. शेवटपर्यंत वाचीन.”

कावळा उतरला आणि सरळ पिंडाला शिवला.

दुसऱ्या दिवशी सगळे सर्व्हर बोलायला लागले, आणि भरभरून बोलले. कुणाच्या खोलीत पाली झाल्या होत्या, कुणाची वायर उंदराने कुरतडली होती. शिरसगावच्याचा पंखा अडकत होता. हर्षदा वाचत बसली.

“पान कुठाय?” साहेबांनी विचारलं.

“वाचतेय, सर. कबूल केलंय ना.”

“कबूल केलं ते केलं. कावळा शिवला की नाही? आता पान काढा.”

हर्षदाने पान काढलं नाही, ती वाचतच राहिली. महिनाअखेरीला तिचं कंत्राट वाढलं नाही. डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून ती निघून गेली.

तिच्या जागी आलेल्या गृहस्थांनी सकाळी स्क्रिप्ट चालवली. शिरसगावच्यासकट सगळ्यांनी उत्तर दिलं: ‘आमचं माणूस गेलं. सुतक आहे.’

साहेबांनी लगेच हर्षदाला फोन लावला. “बाई, तुम्ही आहात ना?”

“आहे, सर.”

“मग हयातीचा दाखला घेऊन या.”

ती दाखला घेऊन आली. सावरगावकरबाईंनी शिक्का तपासला आणि दाखला कॅमेऱ्यासमोर धरला. सर्व्हरांनी तो वाचला. त्यांचं उत्तर आलं: ‘दाखला बरोबर आहे. शिरसगावच्या पंख्याचं काय झालं?’

साहेबांनी नव्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांना शिरसगावच्या पंख्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. साहेबांनी हर्षदाकडे पाहिलं.

“मी आता इथे नोकरीला नाही, सर,” ती म्हणाली.

बाहेर खिडकीच्या गजावर एक कावळा येऊन बसला आणि आत बघू लागला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, सावरगावकरबाईंकडून कंत्राट मागवलं आणि सही केली.

हर्षदाने पिशवी खुर्चीला अडकवली आणि शिरसगावच्या वायरमनला फोन लावला.