भट्टीचा राग

कुंभारकाम मंडळाची भट्टी बुधवारी रागावली आणि तिने थंड व्हायचं नाकारलं.

वीज तोडली, वायर काढून कपाटात ठेवली, तरी तापमानाचा आकडा बाराशे चाळीसवरून हलेना. सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. हेमलताबाईंना मात्र नवल एवढंच वाटलं, की ही इतके दिवस गप्प कशी बसली!

कारण सगळ्यांना माहीत होतं. बाईंची थोरली बहीण कुमुद वारली, तेव्हा चाकावर केलेले कप मागे ठेवून गेली होती. एकदा भाजलेले, पण ग्लेझचा काचेसारखा लेप न चढवलेले. बाईंनी त्यातले निम्मे राखी ग्लेझमध्ये बुडवले, फळीला चिकटू नयेत म्हणून बुडं ओल्या स्पंजने पुसली आणि भट्टीत लावले. भट्टी निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे मंडळात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण चिटणीस मेढेकरांकडे पाहुणे आले होते. त्यांना दाखवायला मेढेकरांनी तापल्या भट्टीचं झाकण उचललं, गार वारा आत शिरला आणि कुमुदचे कप टण् टण् करत तडकले.

"मातीच नीट मळलेली नसणार," मेढेकर पाहुण्यांना म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून तिथेच होती. आणि आता उरलेले निम्मे कप आत होते.

मंडळाची तातडीची बैठक भरली. मेढेकरांनी माफी मागावी असं ठरलं. मेढेकर हार-नारळ घेऊन भट्टीपुढे उभे राहिले. "झाल्या प्रकाराबद्दल मंडळ दिलगीर आहे."

आकडा बाराशे साठवर गेला.

"तिची नाही हो, बाईंची मागा," खजिनदार कदम म्हणाले.

"बाईंची कशाला? बाई थोड्याच तापल्यात?"

"तापलेय," हेमलताबाई म्हणाल्या.

मेढेकरांनी आवाज मऊ केला. "ताई, झालं गेलं विसरले, एवढं तुम्हीच तिला सांगा. ती तुमचं ऐकते. शेवटी कप तुमचेच आहेत ना?"

ते खरं होतं. बाईंनी काळा चष्मा लावून भट्टीच्या भोकातून आत पाहिलं. ग्लेझ कपांवरून ओघळायला लागलं होतं. आणखी थोडा वेळ, की कप फळीलाच चिकटणार. त्यांच्या एका शब्दाने कुमुदचे कप वाचले असते.

"मेढेकर, कुमुदची माती कशी होती?"

मेढेकरांनी सभासदांकडे पाहिलं. "आता तो विषय कशाला काढायचा?"

बाईंनी भोकाला बूच लावलं आणि त्या भट्टीला म्हणाल्या, "तू अजिबात गार होऊ नकोस गं."

मंडळाने पलीकडच्या खोलीत नवी भट्टी घेतली आहे. तिकडे जायची वाट जुनीवरूनच असल्याने मेढेकर भिंतीला अंग घासत, घाम पुसत जातात. हेमलताबाई रोज येतात आणि जुन्या भट्टीशेजारी खुर्ची टाकून बसतात. दोघींपैकी कोणीही अजून निवलेलं नाही.