दामलेकाकांचं अरबी वांगं

इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या सुपरमार्केटात दामलेकाका बिलाच्या टिलवर वांगं ठेवतात, तेव्हा मागच्या रांगेने घड्याळाकडे बघणं सोडून द्यावं. "यू कॉल इट ऑबर्जिन," ते टिलवरच्या मुलीला सांगतात, "बट इट्स अरेबिक." मुलगी कार्ड मागते. काका वांग्याच्या पोर्तुगीज नावावर, बेरिंजेलावर जातात.

काका आमचे शेजारी. निवृत्त फार्मासिस्ट, काकू गेल्यापासून एकटे. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि लादिनो, म्हणजे स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंची भाषा, यांतले अरबी शब्द हुडकणं हा त्यांचा उद्योग. "मूळ बघ रे, मूळ," हे पालुपद. गणपतीत मंडळाची आरती त्यांनी ऐन कापूर पेटवताना थांबवली. कापराचं अरबीत काफूर आणि स्पॅनिशमध्ये अल्कानफोर कसं झालं, हे तेव्हाच सांगायचं होतं. प्रसादाचा शिरा गार झाला. लादिनोत रविवारला अल्हाद म्हणतात, तेही अरबी, हे मला दर रविवारी कळतं. हल्ली मी त्यांना टाळतोच.

एवढं करून काकांना स्पॅनिश येते का, तर नाही. क्रियापद एकही नाही. "ती सगळी लॅटिन," ते तुच्छतेने म्हणतात. स्पेनात सेव्हिलला लेकीकडे गेले, तेव्हा दुकानातून साखर, वांगी आणि कापूर घेऊन आले. संडास कुठे आहे, ते मात्र कुणाला विचारता आलं नाही.

गेल्या रविवारी त्यांचं पार्सल आमच्याकडे आलं, ते द्यायला गेलो. काकांनी वांगं हातात घेऊनच दार उघडलं आणि लगबगीने टॅबलेटसमोर जाऊन बसले. पडद्यावर सेव्हिलची नात, लूसिया. तिला मराठी येत नाही, इंग्लिशही नाही. काकांनी वांगं कॅमेऱ्यासमोर धरलं.

"बेरेन्हेना," ती म्हणाली.

"वांगं. आपलंच गं ते. इराण, अरबस्तान करत तुझ्याकडे पोचलं."

पोरीला ओ की ठो कळलं नाही, पण "वांगं" म्हणाली. मग साखर झाली, आसूकार झालं. नारिंग झालं, नारान्हा झालं. आपल्या घरून निघून तिच्या घरी पोचलेले तेवढेच शब्द हा माणूस वेचत होता, आणि ते सगळे अरबांनी पोचवलेले.

टेबलावरच्या वस्तू संपल्या. लूसिया उठायला लागली.

काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुझ्या फ्रिजमध्ये लिंबू आहे का रे?"

मी चपला न घालताच धावलो.